पलीकडचा फळा

समुपदेशक: आणि ही खालची सही कुणाची?

मुलगी: तीपण बाबांचीच.

समुपदेशक: अगं, इथं 'मुख्याध्यापक' असं छापलंय. आणि त्याच्याखाली 'शाळा समुपदेशक', म्हणजे मी. माझ्या जागीसुद्धा तुझ्या बाबांनी सही ठोकलीय?

मुलगी: जागा मोकळी होती ना, मॅडम. बाबा शिंपी आहेत. कुठं उसवलेलं, मोकळं राहिलेलं दिसलं की त्यांना राहवत नाही.

समुपदेशक: म्हणजे या कागदाप्रमाणे मी तुला परवानगी देऊनसुद्धा झाली.

मुलगी: हो. मग जाऊ मी?

समुपदेशक: बस खाली. त्या खुर्चीवर नको, तिथं हरवलेल्या वस्तू आहेत. ते डबे आणि तो एकटा बूट बाजूला ठेव. हां. शाळेनं समुपदेशन आणि हरवलेल्या वस्तू एकाच खोलीत घातल्यात. मुलं रडत येतात, मी अर्धा तास त्यांना मन मोकळं करायला लावते, आणि शेवटी कळतं की पाण्याची बाटली हवी होती. बोल, तुझं काय हरवलंय?

मुलगी: काही नाही. मला प्रगत गणिताच्या वर्गाला बसायचंय. सोमवारपासून.

समुपदेशक: तू आठवी ब. तो वर्ग दहावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी आहे. नियमावली, पान नऊ. वाचून दाखवू?

मुलगी: मी वाचलंय.

समुपदेशक: झालं तर मग. तीन वर्षं थांब.

मुलगी: पण मॅडम, आपली शाळा दहावीपर्यंतच आहे.

समुपदेशक: हो.

मुलगी: दहावी पास झालं की दाखला देतात. दाखला दिला की शिपाईकाका फाटकातून आत सोडत नाहीत.

समुपदेशक: बरोबर. ते पान बारा.

मुलगी: मग त्या वर्गाला बसतं कोण?

समुपदेशक: हे बघ, फाटे फोडू नकोस. आत्ता आठवीत आलीस म्हणजे लवकर आलीस. दहावीनंतर आलीस तर उशीर झाला.

मुलगी: आणि वेळेवर कधी?

समुपदेशक: वेळेवर येताच येत नाही असं नाही. दहावीचा निकाल अकरा वाजता लागतो, दाखले पावणेबाराला वाटतात. मधला पाऊण तास तुम्ही पासही असता आणि शाळेचेही असता. तेवढ्यात बसता येतं.

मुलगी: बसलंय कुणी?

समुपदेशक: एक मुलगी बसली होती. नऊ वर्षांपूर्वी. वीस मिनिटं. मग तिची आई फोटो काढायला घेऊन गेली. आता ती दातांची डॉक्टर आहे.

मुलगी: आणि बाकीचे दिवस?

समुपदेशक: बाकीचे दिवस गणिताचे सर शिकवतात. अकरा वर्षं झाली. रोज पाचव्या तासाला जातात, फळ्यावर तारीख घालतात, हजेरी घेतात, शिकवतात, तास झाला की फळा पुसतात. हसू नकोस. त्या वर्गाचा निकाल माहीत आहे? अकरा वर्षांत एकही नापास नाही. शिस्तीची ढाल तिथं, स्वच्छतेची ढाल तिथं, शांततेची ढाल तर आता भिंतीतच पक्की बसवलीय. वरचे साहेब तपासणीला आले की आधी त्यांना तोच वर्ग दाखवतात. साहेब दारात उभे राहतात आणि म्हणतात, वा. आणि तिथं तू जाऊन बसणार. पेन्सिलीला टोक करणार. शिंकणार.

मुलगी: शिंकायला मी बाहेर जाईन.

समुपदेशक: आणि नापास झालीस तर? इतक्या वर्षांचा निकाल तुझ्या एकटीमुळे पडेल. शंभर टक्क्यांवरून थेट शून्यावर! कारण वर्गात तू एकटीच.

मुलगी: नाही होणार नापास.

समुपदेशक: एवढी खात्री? तुझं प्रगतिपुस्तक माझ्यासमोर आहे. इतिहासात शंभरापैकी अकरा. अकरा! इतके तर नुसतं नाव नीट लिहिलं तरी मिळतात.

मुलगी: इतिहास पाचव्या तासाला असतो.

समुपदेशक: मग?

मुलगी: आठवी ब आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत आहे. माझा बाक भिंतीला लागून आहे. इतिहासाच्या बाई फार हळू बोलतात, मॅडम. आणि सर खणखणीत.

समुपदेशक: म्हणजे तू इतिहासाच्या तासाला बसून...

मुलगी: पलीकडचं ऐकते. जूनपासून.

समुपदेशक: मग हे अकरा तरी कुठून आले?

मुलगी: सरांची दाढ काढली होती, ते दोन दिवस आले नाहीत. त्या दोन दिवसांत मी इतिहास ऐकला. त्यावरच अकरा मार्कांचा प्रश्न आला.

समुपदेशक: धन्य आहे! बरं, मग ऐक की भिंतीतून. कुणी अडवलंय? त्याला कशाला हवी परवानगी?

मुलगी: सोमवारी आठवी ब वरच्या मजल्यावर जाणार आहे. आमच्या खोलीत जुने बाक रंगवायला ठेवणार आहेत. वरच्या मजल्यावर भिंतीपलीकडे पाण्याची टाकी आहे. आणि सर या वर्षाअखेर निवृत्त होतात. मग तो वर्गच राहणार नाही.

समुपदेशक: हं.

मुलगी: आणि मॅडम, नुसतं ऐकून भागत नाही आता. मला फळा दिसत नाही. सर म्हणतात 'हे बघा', आणि मी प्लायवूड बघते.

समुपदेशक: ...तुला कुणी सांगितलं नाही का, की असं तोंडावर खरं बोललं की माझ्यासारख्या माणसाची पंचाईत होते? थांब. करू काहीतरी. पण पद्धतशीर करू. हा अर्ज तू कुठून आणलास?

मुलगी: ऑफिसातून. त्यांनी विचारलं कसला, मी म्हटलं लवकर प्रवेशाचा.

समुपदेशक: तोच घोळ झालाय. लवकर प्रवेशाचा आपल्याकडे एकच अर्ज आहे, बालवर्गाचा. चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत मूल घ्यायचं असलं की तो भरतात. मागं तपासणी जोडलेली असते. ती झाल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही.

मुलगी: मी तेरा वर्षांची आहे.

समुपदेशक: कागदाला काय त्याचं? लवकर म्हणजे लवकर. चल, पटकन उरकू. प्रश्न पहिला. मूल स्वतःच्या हातानं जेवतं का?

मुलगी: हो. बाबांनाही वाढते.

समुपदेशक: 'हो' एवढंच लिहिते, बाबांना वाढायला चौकट नाही. दुसरा. मुख्य रंग ओळखतं का? रंगांची कार्डं मिळत नाहीत, थांब, या हरवलेल्या बाटल्यांवर भागवू. ही?

मुलगी: लाल.

समुपदेशक: ही?

मुलगी: मोरपंखी.

समुपदेशक: मोरपंखी नाही यात. निळी की हिरवी?

मुलगी: मोरपंखीच आहे ती. याच्यात हिरव्याचा बाणा आणि निळ्याचा ताणा, कापडात बघितलं तर कळतं.

समुपदेशक: बाळ, मला दोनच चौकटी आहेत गं.

मुलगी: मग तुमच्या मनाला येईल ती करा.

समुपदेशक: निळी. तिसरा. सात ठोकळ्यांचा मनोरा रचतं का? ठोकळे नाहीत. डबे घे. तो स्टीलचा खाली ठेव, जड आहे. बास, बास, झाले सात. तू चांगली आहेस यात. चौथा. आई नजरेआड झाली की रडतं का?

मुलगी: आई सकाळी सहालाच कारखान्यात जाते. रडायला लागले तर रोजच रडावं लागेल.

समुपदेशक: 'नाही' लिहिते. पाचवा आणि शेवटचा. तोल. एका पायावर उभं राहायचं. वयाच्या प्रत्येक वर्षाला दहा सेकंद. तीन वर्षांचं मूल असेल तर तीस. तुझ्या तेरा वर्षांचे... एकशे तीस. म्हणजे दोन मिनिटं दहा सेकंद.

मुलगी: एवढं?

समुपदेशक: पाय टेकला तर पुन्हा पहिल्यापासून. कागदावर तसंच आहे. तिकडे कपाटाशी उभी राहा. उचल पाय. सुरू!

(दारावर टकटक होते. खडूनं पांढरा झालेला कोट घातलेले सर दार थोडं उघडून डोकावतात.)

सर: येऊ का आत? शुक्रवार, चौथा तास. माझी वेळ.

समुपदेशक: अय्या, सर! माझ्या लक्षातच राहिलं नाही. या, या. बाळ, तू हलू नकोस, घड्याळ चालू आहे.

सर: हिला कसली शिक्षा झालीय?

समुपदेशक: शिक्षा नाही हो. ती परिपक्व आहे का ते बघतेय. सर, हिला बाहेर पाठवता येणार नाही, पाय टेकेल. आपण पुढच्या शुक्रवारी बसू या का?

सर: असू दे, असू दे. मला एकट्यानं बोलायची सवय आहे. कुणी असलं तरी माझी हरकत नाही.

समुपदेशक: बरं. मग हळूच बोला. कसा गेला आठवडा?

सर: वर्ग शांत आहे.

समुपदेशक: छान.

सर: फार शांत आहे.

समुपदेशक: आणि तो... तुम्हाला ज्याचा त्रास होता तो?

सर: आवाज? नाही. नाही आला. सात आठवडे झाले.

समुपदेशक: बघा! म्हटलं होतं ना मी? श्वासाचा व्यायाम करताय?

सर: करतो. नाकानं चार, तोंडानं सहा. करतो म्हणजे, केलाच पाहिजे. पण मॅडम, खरं सांगू?

समुपदेशक: सांगा की.

सर: करमत नाही मला त्याच्याशिवाय.

समुपदेशक: सर, ते तसं वाटतं सुरुवातीला.

सर: नाही, ऐका. लोक म्हणतात पालथ्या घड्यावर पाणी. माझ्याकडे घडाच नाही. अकरा वर्षं मी रोज शिकवतो. शिकवून झालं की विचारतो, 'कळलं का, मुलांनो?' आणि मनात सातापर्यंत मोजतो. कुणाला काही विचारायचं असलं तर वेळ दिला पाहिजे. सात झाले की पुढं जातो. यंदा शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील, मी विचारलं, 'कळलं का?' चारापर्यंत मोजलं आणि आवाज आला. 'नाही.'

समुपदेशक: हो, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत, मी फाइलमध्ये लिहून...

सर: बारीक आवाज. कुठून आला कळेना. मी बाकांखाली बघितलं. मग म्हटलं, कुणीही असो, कळलं नाही म्हणतोय ना, आपलं काम सांगायचं. पुन्हा सांगितलं. दुसऱ्या रीतीनं. पुन्हा विचारलं. तर म्हणाला, 'थोडं थोडं.'

समुपदेशक: थोडं थोडं.

सर: मॅडम, त्या दिवशी मी घरी चालत गेलो. बस सोडून दिली. इतका आनंद झाला होता.

समुपदेशक: सर, एक मिनिट.

सर: मग रोज यायचा. कधी 'हो', कधी 'नाही', एकदा 'आं?' असं. पण शेवटी मी शिकलेला माणूस आहे. रिकाम्या खोलीत कुणी बोलतंय म्हणजे बिघाड माझ्यातच असणार. म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, आवाजाला उत्तर द्यायचं नाही. ऐकू आला तरी न ऐकल्यासारखं करून पुढं जायचं.

समुपदेशक: सर, एकच मिनिट थांबा हो. बाळ, तुझा बाक कुठल्या भिंतीला आहे म्हणालीस?

सर: मी तसंच केलं. त्यानं तीनदा 'नाही' म्हटलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणाला. मी खडू उचलला आणि पुढच्या पानावर गेलो. त्यानंतर तो आलाच नाही.

मुलगी: मला वाटलं, तुम्ही रागावलात.

सर: कोण?

मुलगी: तुम्ही. मी तीनदा सांगितलं नाही कळलं म्हणून, आणि तुम्ही सरळ पुढं गेलात. मला वाटलं, सारखंसारखं नाही नाही म्हणते म्हणून सरांना कंटाळा आला. म्हणून गप्प बसले. मॅडम, पाय टेकू का?

समुपदेशक: टेक गं बाई, टेक. दोन्ही टेक.

सर: पुन्हा म्हण.

मुलगी: काय, सर?

सर: तेच. मी विचारतो. कळलं का, मुलांनो?

मुलगी: नाही.

सर: ...हाच. मॅडम, हाच तो. म्हणजे मला काही झालेलं नव्हतं?

समुपदेशक: नव्हतं, सर.

सर: भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तोंड निघालं की हो!

समुपदेशक: चुकलं माझं. पंचवीस पावलं चालून मी पलीकडे कोण बसतं ते बघायला हवं होतं. त्याऐवजी इथं बसून तुम्हाला श्वास मोजायला लावलं. आणि वर मोठ्या दिमाखात अहवालात लिहिलंय, 'एक रुग्ण पूर्ण बरा झाला.' तेवढं एकच यश आहे माझं या वर्षीचं.

सर: राहू द्या. श्वासानं पोटाला बरं वाटतं. मुलांनो, तुम्ही किती जण आहात तिकडे?

मुलगी: मी एकटीच, सर.

सर: एकटीच. बरं. एवढी मोठी हजेरी आपल्या वर्गाला कधी नव्हती. वही आहे?

मुलगी: आहे. पण तुम्ही हसाल.

सर: मी अकरा वर्षं हसलो नाही वर्गात. दाखव. ...हे काय आहे? ही छत्रीची मूठ?

मुलगी: ते तुमचं ते लांब चिन्ह. मी बघितलं नाही ना कधी. खडू वरून खाली लांब ओढल्याचा आवाज येतो, सर्रर्र असा, आणि शेवटी वळल्याचा. म्हणून मी मूठ काढली.

सर: वरही वळतं ते. उलट्या अंगाला.

मुलगी: वरचं वळण ऐकू येत नाही.

सर: आणि हे तीन ठिपके?

मुलगी: तिथं तुम्ही फळ्यावर तीनदा टकटक करता.

सर: ते चिन्ह नाही गं, ती माझी सवय आहे. मॅडम, बघा, बघा इकडे. एकूण एक चिन्ह चुकलंय. आणि उत्तरं... हे बरोबर. हेही बरोबर. हे मी फळ्यावर चुकीचं लिहिलं होतं, इथं बरोबर आहे.

मुलगी: तुम्ही बोललात बरोबर, सर. लिहिलंत काय ते मला माहीत नाही.

सर: आणि या पानावर हे काय काढलंय? हे मी नाही शिकवलं.

मुलगी: ते शर्टाच्या मुंढ्याचं आहे. बाही जोडतात ना, तिथला गोल काप. तुम्ही वाकड्या रेषेखालची जागा पट्ट्या पट्ट्या करून मोजायला शिकवलीत. मी बाबांच्या मुंढ्याच्या पट्ट्या केल्या. किती कापड जातं ते आधीच कळलं. एका शर्टामागे चार बोटं कापड वाचतं आता. बाबांना पटत नव्हतं, मग त्यांनी कापून बघितलं.

सर: वाचलं?

मुलगी: वाचलं.

सर: ...मॅडम, जरा पाणी आहे का?

समुपदेशक: एकशे चौदा बाटल्या आहेत, सर. कुठलीही घ्या. मोरपंखी घ्या.

मुलगी: पण त्याच्या पुढचं मला येत नाही, सर. तिथंच मी तीनदा 'नाही' म्हटलं होतं. म्हणून तर आले. सोमवारी आमचा वर्ग वर जाईल, आणि ते तसंच राहील. मला त्यापायी झोप लागत नाही.

सर: मग बसवा हिला माझ्या वर्गात! मॅडम, काय अडलंय?

समुपदेशक: काय नाही अडलं ते विचारा. दहावी पास नाही. तपासणीत पाय टेकला, तोही मीच टेकायला लावला. आणि मुख्याध्यापकांच्या जागी शिंप्याची सही आहे. हा कागद मी वर पाठवला तर तिच्याबरोबर मलाही फाटकाबाहेर काढतील. पान बाराप्रमाणे.

सर: मग?

समुपदेशक: मला विचार करू द्या. प्रवेश म्हटला की नियमावली आली. पटावर नाव आलं की निकाल आला. प्रवेश नकोच. सर, तुमची फाइल अजून बंद केलेली नाही मी.

सर: पण मी बरा आहे ना?

समुपदेशक: नाही. तुम्ही बरे नाही. आवाज ऐकू येतात तुम्हाला, आत्ता माझ्यासमोर आला. उपचार बदलावा लागेल. आणि उपचाराला कुणाची सही लागत नाही, फक्त माझी. आणि ती या वेळी मी स्वतः करणार आहे. थांबा, लिहिते. 'रुग्णास ऐकू येणारा आवाज रोज पाचव्या तासाला रुग्णासमोर, पहिल्या बाकावर बसवावा. मुदत, वर्षअखेरपर्यंत.'

मुलगी: म्हणजे मी औषध?

समुपदेशक: तू औषध. औषधाचं नाव पटावर येत नाही, औषध नापास होत नाही. ढाली जागच्या जागी राहतील.

मुलगी: शिंक आली तर?

समुपदेशक: औषधाचा दुष्परिणाम म्हणून लिहीन. पण एक अट आहे. इतिहास. बाईंशी मी बोलेन, पण मधल्या सुट्टीत तू इथं येऊन बसायचं आणि माझ्यासमोर धडा वाचायचा. इतिहासात पस्तीस पडले नाहीत तर औषध बंद.

मुलगी: चाळीस पाडते.

समुपदेशक: फुशारकी नको. पस्तीस.

सर: पण मॅडम, हजेरीत नाव नाही घालायचं?

समुपदेशक: नाही घालता येणार, सर.

सर: अकरा वर्षं ते पुस्तक नेतोय मी. पेन उघडतो, बंद करतो.

समुपदेशक: ...पेन्सिलीनं घाला. फार दाबून लिहू नका.

मुलगी: सर, सोमवारपासूनच यायचं ना?

सर: सोमवार कशाला? पाचव्या तासाला अजून आठ मिनिटं आहेत. कुठं अडलं होतं, सांग. हा कागद घेऊ का, मॅडम? मागची बाजू कोरी आहे.

समुपदेशक: घ्या. तिच्या बाबांच्या लक्षात यायच्या आत घ्या.

मुलगी: तुम्ही म्हणालात, पट्ट्या बारीक करा. अजून बारीक. जितक्या बारीक, तितकं कातरण कमी उरतं. इथपर्यंत कळलं. मग म्हणालात, आता पट्टीची रुंदी शून्याकडे जाऊ द्या. पण सर, रुंदीच गेली तर पट्टी राहिली कुठं? दोऱ्याएवढी तरी हवी ना? काहीच नाही, अधिक काहीच नाही, अधिक काहीच नाही. असं कितीही वेळा केलं तरी शर्ट कसा होईल?

सर: अकरा वर्षं. अकरा वर्षं मी याच ओळीवर सातापर्यंत मोजतो. कुणीतरी हेच विचारावं म्हणून.

समुपदेशक: सर, डोळे पुसा. खडू जाईल डोळ्यात.

सर: हो. हं. हे बघा, मुलांनो. बघतेस ना? ही वाकडी रेषा. आणि हे ते चिन्ह, नीट बघून घे, वरही वळतं, खालीही वळतं.

मुलगी: अय्या. असं आहे होय ते!

सर: असं आहे. आता ही एक पट्टी. हिची रुंदी मी शून्य करत नाही. शून्याकडे जाऊ देतो. शून्य करणं वेगळं, तिकडे जाऊ देणं वेगळं. ती कधी पोचत नाही, पण जेवढी बारीक होते तेवढ्या तिच्या बहिणी वाढतात. एकटी असते तेव्हा काहीच नसते. सगळ्या मिळून मात्र मुंढा भरतात. कळलं का?

समुपदेशक: सर, मी मोजू का?

सर: मोजा.

समुपदेशक: एक. दोन. तीन. चार.

मुलगी: नाही.

सर: ...मॅडम, तुम्हालाही ऐकू आलं ना?

समुपदेशक: आलं, सर. स्पष्ट आलं.

सर: बरं. मग पुन्हा सांगतो.